डाव्या हाताचा नवस

"उजवा दोन-चार आन् डावा दोन-आठ? असा कसा वं बाई हात तुहा?"

मैना कासारणीनं हे बांगड्यांचं माप इतक्या मोठ्यानं विचारलं की नवरीच्या खोलीतल्या झाडून सगळ्या बायांनी आपापल्या गप्पा सोडून दीपमालेच्या हाताकडे पाहिलं.

उजव्या हातात हिरवा चुडा भरून झाला होता. डावा हात मैनाच्या मुठीत होता आणि ती तो कासारणी पाहतात तसा दाबून दाबून पाहत होती. अंगठ्याचा सांधा किती दबतो, हाड कुठे अडतं. सकाळपासून तिला धास्ती होती ती उन्हाची, गर्दीची, नवरदेवाकडच्या मंडळींची. बांगड्यांचं तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

ती आली होती फोटो काढायला. बार्शीटाकळीच्या खुशालरावांच्या वर्षालीचं आज लग्न होतं आणि मुलीकडचे फोटोग्राफर म्हणून दीपमाला आणि तिचा नवरा जीवन अमरावतीहून अंधारातच निघून मूर्तिजापूरमार्गे इथं पोचले होते. नवरीला चुडा भरतानाचे फोटो झाले, तिनं कॅमेरा खाली घेतला न घेतला तोच पार्बताबाईंचा हुकूम सुटला.

"फोटोवालीलेबी भर वं मैना. सवाशीन बाई लगनाच्या घरातून रिकाम्या हातानं फिरन काय?"

पार्बताबाई म्हणजे खुशालरावांची थोरली बहीण, वर्षालीची आत्या. घरचा वांग्याचा आणि शेवंतीचा मळा. त्या मळ्यात फूल तोडायचं असो की घरात तारीख काढायची असो, पार्बताबाईंनी मान हलवल्याशिवाय पान हलत नसे. त्यांनी बांगड्या भर म्हटलं म्हणजे तो मान होता. मानाला नाही म्हणायची सोय नसते.

"साबन लावून देऊ काय?" मैना म्हणाली आणि तिनं दीपमालेच्या कुर्त्याची बाही वर सरकवायला हात घातला.

"नको!" दीपमाला ओरडलीच. मग सावरून म्हणाली, "म्हंजे... डाव्या हातात नाही भरत, मावशी. नवस हाये माहा."

"नवस?" पार्बताबाई पुढे सरकल्या. "कोन्या देवाचा?"

"अंबादेवीचा."

"कायचा?"

आता आली का पंचाईत! खोटं एकदा तोंडातून सुटलं की ते पुढं रेटावंच लागतं. दीपमालेला जे पहिलं सुचलं ते ती बोलून गेली.

"ह्यायच्या तब्येतीचा."

"अवं माय!" पार्बताबाईंचा चेहरा एकदम मऊ झाला. ज्या बाईनं भावाचा मोडलेला पाय बरा व्हावा म्हणून वांगं सोडलं होतं, तेही दारात वांग्याचा मळा असताना, आणि पाय बरा होऊन भाऊ मोटारसायकल उडवायला लागला तरी परत तोंडाला लावलं नव्हतं, तिला डाव्या हाताचा नवस पटायला कितीसा वेळ लागणार? "सोड वं मैना तिचा हात. नवसाचं मोडू नाई."

मैनानं हात सोडला. पण सोडताना तिची बोटं बाहीखालच्या घट्ट पट्ट्यावरून गेली होती आणि तिनं दीपमालेकडे एकदा नीट पाहिलं. उरलेल्या बांगड्या कागदात गुंडाळून तिच्या उजव्या हातात ठेवल्या.

"फिटला नवस की भरजो," ती म्हणाली.

तो पट्टा कशाचा, हे या लग्नघरात फक्त दोन माणसांना माहीत होतं. गेल्या वर्षी नागपूरला दीपमालेचं डाव्या छातीचं ऑपरेशन झालं. कॅन्सर होता. काखेतल्या गाठीही काढल्या आणि तेव्हापासून हाताला सूज चढायची, ती दाबून धरायला हा पट्टा. डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं: या हातात सुई नको, रक्तदाबाचा पट्टा नको, घट्ट बांगडी नको, ओरखडा नको आणि वजन तर अजिबात नको. म्हणजे बाईमाणसाला डाव्या हातानं जे जे म्हणून करावं लागतं ते सगळंच नको. आणि फोटोग्राफरचा डावा हात म्हणजे तर कॅमेऱ्याचं बूड. उजव्या हाताचं बोट बटण दाबतं, पण सारा भार डाव्या तळव्यावर.

तिचा जुना मोठा कॅमेरा, लांब लेन्स आणि डोक्यावरचा फ्लॅश मिळून अडीच किलोच्या घरात जायचा. तो घेऊन तिनं पंधरा वर्षं लग्नं काढली होती. अमरावतीच्या त्यांच्या स्टुडिओवर पाटी जीवनची होती, पण लग्नाच्या पोरी यायच्या त्या दीपमालाताईकडे. वर्षभर ती घरी होती आणि तेवढ्या काळात जीवननं तिला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू दिला नव्हता. बिचारा जीव टाकायचा. सकाळी तिच्या गोळ्या काढून ठेवायचा, दुकानात कुणी तिच्याशी बोलायला आलं की आधी आपणच उत्तर द्यायचा. "तिले त्रास नका देऊ." हे वाक्य ऐकून ऐकून दीपमालेचे कान किटले होते.

मग तिनंच एक दिवस राजकमल चौकाकडचं कॅमेऱ्याचं दुकान गाठलं. दुकानातला पियुष तिच्यापुढे एकेक नवं यंत्र ठेवत गेला. हा इतका बारीक फोटो काढतो, हा अंधारात पाहतो, हा आपोआप डोळे ओळखतो. दीपमालेला त्यातलं काही नको होतं.

"उजव्या हातानं धरला तर बोट बटनापर्यंत जाते काय? डोक्याच्या वर नेला तर मागचा पडदा खाली वळते काय? उन्हात डोळा लावून काचेतून पाहता येते नं? आन् माह्या जुन्या लहान लेन्सा बसतात काय, ते सांग."

पियुषनं मग कपाटाच्या खालच्या फळीवरून एक लहानसा काढून दिला. पोरं शिकायला घेतात तसला. दीपमाला तो घेऊन सरळ शेजारच्या मिठाईवाल्याकडे गेली आणि तिनं तो पेढ्याच्या काट्यावर ठेवला. लेन्ससकट पाऊण किलो भरला नाही. मिठाईवाला हसला. ती हसली नाही. तिला रडू येत होतं.

जीवनला मात्र ते पसंत नव्हतं. शेवटी करार झाला. हे एक लग्न दीपमालेनं काढायचं, पूर्ण, पहिल्या विधीपासून पाठवणीपर्यंत. निभलं तर ती पुन्हा धंद्यात. मध्येच जर कॅमेरा जीवनच्या हातात द्यावा लागला, तर मग तिनं दुकानात बसून अल्बम लावायचे आणि पुन्हा लग्नाचं नाव काढायचं नाही. जीवन लगेच हो म्हणाला. इतक्या लगेच, की तो तिच्या हरण्याचीच वाट पाहतो आहे असं तिला वाटलं. आणि निघताना त्यानं तो जुना मोठा कॅमेरा आपल्या गळ्यात अडकवलाच. "असू दे जोळ. येळ काई सांगून येते काय?"

आणि घरच्यांना खरं का सांगितलं नाही म्हणाल, तर तेही सांगून पाहिलं होतं. उन्हाळ्याच्या सुरुवातीला अचलपूरच्या एका घरी ती सगळं मोकळेपणी बोलली. घरची बाई डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "ताई, तुमी आराम करा." आणि दुसऱ्याच दिवशी ते काम दुसऱ्या कुणाला गेलं. लग्नाच्या घरात लोकांना त्या रोगाचं नावही नको असतं.

बाहेर हॉलमध्ये जीवन दिव्याचा स्टँड उभा करत होता. जीवन कसा? दारातून जाताना मान वाकवावी लागणारा, पोटावर शर्टाच्या गुंड्या ताणलेला, आयुष्यात सर्दीपलीकडे काही न झालेला गडी. त्याच्या हातातून पार्बताबाईंनी स्टँड काढून घेतला.

"बसा भाऊ."

"काहून?"

"बसा म्हनलं नं. लाइटं आमच्याकडची मानसं लावतात." त्यांनी एक गादीची खुर्ची आणवली, कूलरचं तोंड तिच्याकडे वळवून घेतलं आणि खुर्चीला बोट दाखवलं. जीवन बसला. पार्बताबाईंनी बस म्हटल्यावर त्या हॉलमध्ये कोण उभा राहणार होता?

थोड्या वेळानं तो कसाबसा सुटून दीपमालेला जिन्याखाली गाठायला आला. चेहरा लालबुंद.

"काय सांगतलं तू त्या बुडीले? एकजन येऊन मले इचारते, किती वर्सापासून हाये म्हने. काय किती वर्सापासून?"

दीपमालेनं खाली मान घालून सांगितलं.

"मले आजारी केलं तू?" जीवनचा आवाज चढला. "अवं, उद्या साऱ्या अकोल्यात बोंब होईन, जीवन फोटोवाला खाटेवर पडला म्हून! कोन काम देईन मले?"

"हळू बोला. मंग काय करत होती मी? बाही वर करून दाखवत होती काय सगळ्यायले?"

"खरं सांगायचं होतं."

"अचलपूरले सांगतलं तं होतं."

जीवननं हात पुढे केला. "आन तो कॅमेरा. झालं तेवढं पुरे झालं. पाह्य तुहा हात, चढून राहिला."

खरंच चढत होता. वैशाखाचं ऊन पत्र्यावर उतरलं होतं आणि पट्ट्याखाली हात ठणकत होता. दीपमालेनं कॅमेरा उजव्या हातात घट्ट आवळला.

"अजून लगन लागलं नाही," ती म्हणाली आणि निघून गेली.

वरात आली ती घोडा, डीजे, डोक्यावर घोंघावणारा ड्रोन आणि दोन-दोन व्हिडिओवाले घेऊन. मुलाकडचे अकोल्याचे. नवरदेव शिवम बिचारा शांत पोरगा होता, पण त्याचे मोठे काका शेषराव यांचं लग्न असल्यासारखं चाललं होतं. फेटा त्यांचा, आवाज त्यांचा, हुकूम त्यांचा. मारुतीच्या पारावर दीपमाला नवरदेवाचा फोटो घ्यायला पुढे झाली आणि शेषरावांची नजर तिच्या हाताकडे गेली.

"हा कॅमेरा हाये?" ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "असा तं माह्या सुनेजोळ हाये. चिखलदऱ्याले जाते तं नेते." चार माणसं हसली. शेषरावांना हुरूप आला. "खुशालराव, फोटोग्राफर अमरावतीहून बलावला म्हने तुमी? आमाले वाटलं, कॅमेराबी सोबत आला असंन!"

खुशालरावांचं तोंड उतरलं. मुलीचा बाप तो. त्याला त्या दिवशी वरणात मीठ कमी पडलं तरी आपलीच अब्रू गेल्यासारखं वाटतं. दीपमालेच्या जिभेवर बरंच काही आलं. ते गिळून तिनं फोटो काढला, अजून एक काढला आणि वाकून नमस्कार करणाऱ्या शिवमच्या अगदी पायाशी बसून, एका हातानं कॅमेरा जमिनीला टेकवून तिसरा काढला. बोट बटणावरून ढळलं नाही. पण कान सगळे मागे लागले होते. मागे खुशालराव जीवनकडे निघाले होते.

ती हॉलमध्ये पोचली तेव्हा खुशालराव खुर्चीपाशी हात जोडून उभे होते.

"भाऊ, मले तुमच्या तब्येतीचं ठाऊक हाये. आक्कानं सांगतलं. पन लगन लागेपर्यंत तेवढा तुमचा मोठा कॅमेरा घेऊन वर उभे राहा. पाहुण्यायचं तोंड बंद होईन. वयनीच्या कामाबद्दल आमचं काई म्हननं नाही."

जीवननं दीपमालेला दारात पाहिलं. गळ्यातल्या कॅमेऱ्यावर त्याचा हात होता.

"पाहू," तो म्हणाला.

पाहू! भांडण करावं तर लग्नघर, रडावं तर गळ्यात कॅमेरा. वर्षभर या माणसानं तिला तळहातावरच्या फोडासारखं जपलं होतं, आणि आज तिला त्या जपण्याचा मनापासून राग आला.

मुहूर्त साडेअकराचा होता. बारा वाजले, साडेबारा झाले. नवरदेवाकडची मंडळी अजून डीजेपुढेच नाचत होती. दीपमाला रुखवताचे फोटो काढत होती, गौरीहाराशी बसलेल्या वर्षालीचे काढत होती आणि मध्येमध्ये तिची नजर त्या खुर्चीकडे जात होती.

खुर्चीभोवती आता बऱ्यापैकी मंडळी जमली होती. एका पाहुण्यानं चहा आणला आणि जीवनच्या डोक्यावरून दुसऱ्याला विचारलं, "यायले साखर चालते काय?" दुसरा म्हणाला, "कायले रिस्क घेता? पानी द्या." एका बाईनं पदरानं वारा घातला. कुणीतरी त्याच्या गळ्यातून कॅमेऱ्याचा पट्टा काढायला लागलं, वजन नको म्हणून, आणि जीवननं तो दोन्ही हातांनी धरून ठेवला. तो काहीतरी सांगत होता. त्याच्याकडे कुणी पाहत नव्हतं. सगळे त्याच्याबद्दल एकमेकांशी बोलत होते. हळूहळू त्यानं सांगायचंच सोडलं. एवढा मोठा गडी, पण त्या खुर्चीत तो अंग चोरून बसला होता आणि दीपमालेला त्याची दया आली. राग मात्र तसाच राहिला.

दीड वाजायला आले तेव्हा कुठं आंतरपाट धरला गेला.

लग्न लागतानाचं स्टेज ज्यानं पाहिलं नाही त्याला काय कळणार! दोन्हीकडचे मामे, करवल्या, मित्रमंडळी, मोबाइल धरलेले हात, मुलाकडचे दोन व्हिडिओवाले कोपरं बाहेर काढून उभे. फोटोग्राफरला मिळते ती एका पावलाची जागा आणि एक क्षण. आंतरपाट खाली गेला, हार पडले, की संपलं. तो क्षण पुन्हा येत नाही. बाकी हजार फोटो काढा, तो एक चुकला तर मुलीचा बाप जन्मभर बोलतो.

दीपमालेनं आंतरपाटाच्या कडेला जागा धरली. डावा हात छातीशी आवळून धरला होता. लग्न लावणाऱ्या महाराजांनी पहिलं मंगलाष्टक संपवलं, दुसऱ्याला तोंड उघडलं आणि शेषरावांनी त्यांच्या हातातून माइक घेतला.

"थांबा महाराज, एक मिनिट. अहो, ते मोठ्या कॅमेऱ्याचे भाऊ! वर या. अठी ह्या बाई खेळनं घेऊन उभ्या हायेत. आमच्या पोराचं लगन एकदाच हाये, राजेहो!"

सनई थांबली. अक्षता मुठीत धरलेली सारी माणसं वळून कूलरपाशी पाहायला लागली. आंतरपाटामागे वर्षालीनं मान वर केली. खुशालराव खाली मान घालून उभे होते.

जीवन उठला.

दीपमालेनं त्याला उठताना पाहिलं, गळ्यातला कॅमेरा सावरताना पाहिलं, दोन पावलं टाकताना पाहिलं. झालं, संपलं सगळं, तिला वाटलं. कुणी न सांगताच तिनं आपल्या पावलाची जागा अर्धी मोकळी करून दिली. आता दुकानात बसायचं. अल्बम लावायचे. दुसऱ्यांनी काढलेले.

जीवननं तिच्याकडे पाहिलं. मग मागे हात नेऊन त्यानं खुर्चीची पाठ चाचपली आणि मटकन खाली बसला. आणि खोकला. इतका वाईट, इतका खोटा खोकला की दुसरी वेळ असती तर दीपमाला हसून लोटपोट झाली असती.

"माह्यानं उभं राहवत नाही, साहेब."

"अहो, दोन मिन्टाचं काम हाये!"

"दोन मिन्टबी नाही राहवत." जीवननं पुन्हा खोकून घेतलं. मग आवाज मोठा केला, सगळ्या हॉलला ऐकू जाईल एवढा. "आन् मी बॅगा उचलनारा मानूस. आमच्या दुकानात फोटो माही बायकोच काढते. पंधरा वर्सापासून तेच काढते. मुहूर्त कायले घालवता? चालू द्या महाराज."

शेषराव आणखी काही बोलणार होते. पण बायांच्या बाजूनं पार्बताबाईंचा आवाज आला. त्यांना माइक लागत नसे.

"शेषरावभाऊ! आजारी मानसाले उठवता काय? लगन लावा!"

महाराजांना पुढं अकोल्याला आणखी एक लग्न होतं. त्यांनी माइक परत घेतला आणि तिसरंच मंगलाष्टक सुरू केलं.

दीपमालेचे डोळे भरून आले होते आणि ही काही रडायची वेळ नव्हती. तिनं ते उजव्या बाहीला पुसले. "सावधान" झालं, अक्षता उडाल्या, आंतरपाट खाली गेला आणि सारी गर्दी एकदम पुढे लोटली. शिवमच्या मित्रांनी त्याला खांद्यावर उचलला, नवरीचा हात पोचू नये म्हणून. लगेच वर्षालीच्या मामांनी तिला उचललं. दीपमालेपुढे आता नुसत्या पाठी होत्या. मुलाकडचा एक व्हिडिओवाला भला मोठा कॅमेरा घेऊन धडपडत होता, त्याला तो डोक्यापर्यंतही नेता येईना. दीपमालेनं पडदा खाली वळवला, उजवा हात जेवढा जाईल तेवढा वर नेला, टाचा उचलल्या. हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या. पडद्यात तिला दिसली वर्षाली: हार दोन्ही हातांत, तोंड उघडून हसणारी, पापणीवर एक अक्षत अडकलेली. कुणाचं तरी कोपर तिच्या डाव्या दंडावर बसलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले. वर गेलेला हात तिनं खाली घेतला नाही. बोट चालत राहिलं, हार पडेपर्यंत, दोघांचे दोन्ही हार पडेपर्यंत.

मग गर्दी ओसरली. तिनं लगेच फोटो पाहिले नाहीत. आधी खुर्चीकडे पाहिलं. जीवनच्या शेजारी एक आजीबाई पाण्याचा पेला घेऊन उभी होती, म्हणून तो मन लावून खोकत होता.

थोड्या वेळानं शेषराव आले. फेटा थोडा वाकडा झाला होता.

"दाखवा बरं, आले काय काही?"

दीपमालेनं पडदा त्यांच्यापुढे धरला. शेषरावांनी एकेक फोटो पाहिला. वर्षालीचा पाहिला, त्यावर बराच वेळ थांबले. दोघांच्या हारांचा पाहिला. मग एकामध्ये ते स्वतःच निघाले, हातात माइक, तोंड आ वासलेलं.

"हा नका लावू अल्बमात," ते म्हणाले आणि फेटा सारखा करत निघून गेले.

सप्तपदी झाली, आहेर झाले, पाठवणी झाली. वर्षाली आत्याच्या गळ्यात पडून रडली आणि पार्बताबाई, ज्यांना रडताना कुणी पाहिलं नव्हतं, त्याही रडल्या. दीपमालेनं ते काढलं. करार पुरा झाला. वरातीच्या गाड्या अकोल्याच्या रस्त्याला लागल्या, तेव्हा ती दमून जीवनच्या शेजारी येऊन बसली. शेवटची पंगत बसली होती. आलू-वांग्याची भाजी, पुऱ्या, मठ्ठा आणि गरम जिलबीची परातच्या परात फिरत होती. जिलबी म्हणजे जीवनचा जीव की प्राण. एका बैठकीत किती खाईल याची अमरावतीत पैज लागायची.

त्याच्यापुढे पार्बताबाईंनी स्वतःच्या हातानं ताट आणून ठेवलं होतं. साधं वरण, मऊ भात. वर तूपसुद्धा नाही.

"तेलकट खाऊ नका, भाऊ," असं सांगून त्या समोरच पाटावर बसल्या होत्या, लक्ष ठेवायला.

दीपमालेच्या ताटात जिलबी होती. तिनं हळूच एक त्याच्याकडे सरकवली.

"नको. बुडी पाहून राहिली," जीवन पुटपुटला आणि भात कालवायला लागला.

"उद्या अकोल्यात बोंब होईन," ती म्हणाली. "तुमाले काम मिळनार नाही."

"तुले मिळन नं."

मग भात कालवतच, मान वर न करता तो बोलला. "कवाचा बसून होतो मी त्या खुर्चीवर. मले कोनी काई इचारलं नाही, दीपा. पानी पिता काय, हेबी दुसऱ्यालेच इचारत होते. मी तठी असून नसल्यासारखा." तो थांबला. "तुले मी असंच करून राहिलो होतो काय? वर्षभर?"

"हो," दीपमाला म्हणाली. ती "नाही" म्हणू शकली असती. पण खोटं आज पुष्कळ बोलून झालं होतं.

जीवननं मान हलवली. त्यानं तिच्या डाव्या हाताकडे पाहिलं. बोटं टम्म फुगली होती आणि अंगठ्याभोवतीची कातडी चमकत होती. सूज उतरायची तर हात छातीच्या वर ठेवावा लागतो, हे त्याला तिच्याइतकंच पाठ होतं. पण तिथं ना उशी, ना लोड, ना टेकायला भिंत. पंगतीत बसलेली माणसं होती आणि पुढ्यात पार्बताबाई.

जीवन खुर्चीत थोडा खाली घसरला. मोठं अंग त्यानं जमेल तेवढं आकसून घेतलं आणि खांदा तिच्याकडे केला.

"ठेव," तो म्हणाला.

दीपमालेनं डावा हात उचलून त्याच्या खांद्यावर ठेवला. ठणका एकदा वाढला आणि मग सावकाश उतरायला लागला. तिनं डोळे मिटले.

"पाह्य बरं," पंगतीतली एक बाई दुसरीला म्हणाली, "कशी जपते नवऱ्याले."

"नवसाची बाई हाये ती," पार्बताबाई म्हणाल्या आणि त्यांनी जीवनच्या ताटात भाताची आणखी एक मूद वाढली.

जीवननं मान खाली घातली, एकदा खोकला आणि तो बिनतुपाचा भात मुकाट्यानं खाऊ लागला, खांदा जरासुद्धा न हलवता.